खोक्याचं लाकूड

आबा,

तुम्ही माझ्यासाठी केलेला बाजा मी परवा उचलला. उचलण्याआधी पाय फाकवून उभी राहिले, कमरेला ओढणी आवळली, देवाचं नाव घेतलं, कारण तो किती जड आहे हे माझी कंबर इतक्या वर्षांनीही विसरलेली नाही. आणि तो एकदम वर आला. लावलेला जोर फुकट गेला आणि मी मागच्या फळ्यांच्या ढिगावर पडता पडता राहिले. दारात उभा असलेला भाऊ म्हणाला, "ताई, या वयमां पहेलवानी कसाले करी ऱ्हायनी?" मला हसू आलं नाही. मी बाजा खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. आईने जुन्या चादरींचा शिवलेला गलेफ तोच होता, उंची तीच होती, वजन मात्र निम्म्यावर आलं होतं. असं कसं झालं ते तुम्हाला माहीत आहे, मला परवा कळलं. म्हणून लिहायला बसले आहे. घरात मी तुम्हाला जन्मभर "तू" म्हणत आले, पण कागद पुढे आला की हाताला शाळेतली मराठी आठवते आणि "तुम्ही"च उमटतं. तेवढं चालवून घ्या.

आपलं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे रंधा चालायला लागला की मागे स्वयंपाकघरात भाकरीच्या पिठावर भुसा उडायचा आणि आई आतून तुमचा उद्धार करायची. नंदुरबारात सुतार काही तुम्ही एकटेच नव्हतात, पण मुलीचं आंदण करायचं म्हटलं की रनाळ्यापासून शहाद्यापर्यंतची माणसं आपल्या ओट्यावर येऊन बसत. पलंग, कपाट, आरशाचं टेबल. सागवान नवापूरच्या बाजूने यायचं, आणि सागाशिवाय दुसऱ्या कशाला तुम्ही लाकूड म्हणतच नव्हतात. बाभूळ म्हणजे जळण, आंबा म्हणजे नुसती फळी, आणि बाकी सगळं खोक्याचं. पलंग तयार झाला की तो जायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला हाक मारायचात. मी त्यावर चढायचं, या कडेपासून त्या कडेपर्यंत लोळायचं, चारही कोपऱ्यांवर बसून पाहायचं आणि कुठे आवाज आला की ओरडायचं, "आबा, आठे करकरस!" तुम्ही तिथे खडूने खूण करायचात, पाचर ठोकायचात, आणि माझं लोळणं पुन्हा सुरू. लग्नाचा पलंग करकरला तर एवढं काय बिघडतं, असं मी एकदा गिऱ्हाइकांसमोरच विचारलं होतं. आईने पदर तोंडाला लावला आणि तुम्ही पटाशीला धार लावायचं निमित्त करून बाहेर निघून गेलात.

एकदाच तुम्ही मला बोललात, आणि ते याच कामावरून. रनाळ्याचा पलंग होता. टेम्पो दारात उभा, मुलीचा बाप घाई करतोय, आणि मलाही मैत्रिणीकडे पळायचं होतं. मी अर्धीमुर्धी लोळले आणि "मस्त शे" म्हणून खाली उडी मारली. पलंग टेम्पोत चढला तरी तुमचं मन मानेना. तुम्ही वर चढलात, उशाकडच्या पायावर हात दाबलात आणि तो करकरला. सगळ्यांसमोर पलंग खाली उतरवलात. मला मारलं नाही, आवाजही चढवला नाही. खाली बसून माझ्या तोंडाकडे बघत म्हणालात, "चांगलं शे म्हनाले दुनिया बठेल शे. तू माले करकरस ते सांग." मी तेव्हा पाचवीत असेन. त्यानंतर मी पलंगावर अशी काही लोळायचे की आई म्हणायची, पोरीचे कपडे धुवून धुवून माझे हात गेले.

मग मिशनच्या शाळेतला तो बाजा आला. प्रार्थनेच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात माणसापेक्षा उंच, व्हायोलिनच्या आकाराचं एक वाद्य धूळ खात उभं असे. कुणी परदेशी पाहुणा जाताना मागे ठेवून गेला होता. त्याला डबल बेस म्हणतात, हे संगीताच्या सरांनी सांगितलं. त्याची मान तुटली होती, आणि ती जोडायला शाळेने तुम्हाला बोलावलं. तुम्ही त्याच्याभोवती एक फेरी मारलीत, पुढच्या फळीची कड नखाने खरवडून पाहिलीत आणि सरांसमोरच म्हणालात, "हाई तं खोकानं लाकूड शे!" त्या परदेशी माणसाची तुम्हाला कीवच आली. इतक्या लांबून आणायचं, आणि फळी कसली, तर सफरचंदाच्या पेटीची! मान मात्र तुम्ही अशी जोडून दिलीत की पुन्हा तिला कुणी हात लावायची गरज पडली नाही. आता वाजवणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा सरांनी वर्गावर नजर फिरवली. मी सगळ्यांत उंच, मुलांपेक्षाही. हिला नवरा शोधायचा तर शिडी घेऊन फिरावं लागेल, अशी आईला तेव्हापासूनच धास्ती. सर म्हणाले, हिचा हात पोचेल. एवढ्या एका गुणावर मी बेसवाली झाले. पहिल्यांदा जाड तार ओढली तेव्हा तो आवाज कानात नव्हे, पोटात शिरला, आणि मी घरी येऊन आईला म्हटलं की मला भूकच नाही.

शाळा संपली तेव्हा तो बेस शाळेतच राहणार हे उघड होतं. मी रडले वगैरे नाही. तुम्ही एक दिवस शाळेत जाऊन त्याची सगळी मापं घेऊन आलात. मग मला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलंत आणि माझीही मापं घेतलीत, खांदा, कोपर, पंजा. माळ्यावर माझ्या आंदणाचं सागवान होतं. मी लहान असल्यापासून गिऱ्हाइकाच्या मालातून चांगली फळी निघाली की तेवढी विकत घेऊन तुम्ही ती वर चढवत आला होतात. वर्षानुवर्षं वाळलेलं, न तडकणारं, नंदुरबारात शोधून सापडणार नाही असं लाकूड. ते खाली उतरायला लागलं तेव्हा आईला वाटलं कुठून तरी स्थळ आलं. काय होतंय ते तिला कळलं त्या दिवशी घरात पेटलंच. "पोर सासरी काय लई जाई, हाई कोठी?" ती विचारत होती, आणि तुम्ही रंध्यावरून मान वर न करता म्हणालात, "हाई बी आंदनच शे." ती तुमच्याशी बोलायची बंद झाली ती नवरात्र संपेपर्यंत. जेवायला वाढायची, ताट आदळायची, आणि काय हवं नको ते माझ्यामार्फत विचारायची. तुम्ही पुढची फळी चांगली दारासारखी जाड घेतलीत. परदेशी माणसाने केलेली कंजुषी आपल्या मुलीच्या वाट्याला यायला नको होती.

दसऱ्याला तारा चढल्या. सरांनी त्या पुण्याहून मागवून दिल्या होत्या. करवत, रंधे, पटाश्या पाटावर मांडलेल्या आणि त्यांच्यामागे बाजा उभा, त्याच्या मानेत झेंडूची माळ. गल्लीतली सगळी माणसं दारात. मी तार ओढली. आवाज निघाला आणि जागच्या जागी बसला. गादीवर मूठ आपटावी तसा. मी दुसरी तार ओढली, तिसरी ओढली, सगळं तसंच. इतकं सुंदर पॉलिश, इतके नेमके सांधे, आणि आत काहीच नाही. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खडू हातात धरून उभे होतात. मुद्दाम नसेल धरला, सवयीनेच हातात आला असेल. मी तोंड उघडणार इतक्यात आई आतून परात घेऊन आली आणि तुमच्याकडे बघून इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली, "आवाज तं भारी शे, आवो!" गल्लीने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या काकूंनी कडाकडा बोटं मोडून माझी दृष्ट काढली. तुम्ही अजून माझ्याकडेच बघत होतात. मी ‘ठीक आहे’ अशी मान हलवली. तुम्ही खडू खिशात ठेवलात.

पुण्याला शिकायला निघाले तेव्हा बाजा न्यायचा विषय निघाला, आणि मी म्हटलं, एवढा जड कसा न्यायचा, गाडीत तरी चढेल का. खोटं नव्हतं ते. पण इतकं सोयीचं खरं मी पुन्हा कधी बोलले नसेन. पुण्यात आधी चर्चमधल्या गाण्याला साथ केली, मग हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार हातात घेतली, आणि मग एका हॉटेलात गोव्याच्या एका म्हाताऱ्या पियानोवाल्यांनी मला आपल्याबरोबर उभं केलं. जॅझ मी त्यांच्याकडे शिकले. शिकवायचे म्हणजे काय, ते वाजवत निघायचे आणि मी मागून चालायचं, एका ठोक्याला एक पाऊल. कुठे वळणार ते सांगायचे नाहीत. वळले की आपणही वळायचं, आणि ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की वळायचं आधीच ठरलं होतं. हे मला जमलं, आबा. इतकं जमलं की लोक मला कुठेही बोलवायला लागले. सकाळी भजनांचं रेकॉर्डिंग, दुपारी साबणाची जाहिरात, संध्याकाळी जॅझ, मधूनच एखादे गझलवाले, एखादं नाटक, दोनदा जहाजावरचा बँड. जो बोलावेल त्याच्यासारखी मी वाजवायचे. कुठल्याही दाराला बसणारी बिजागरी झाले मी. कौतुकही तसंच व्हायचं: ही आहे हे कळतसुद्धा नाही. जॅझमध्ये कधीमधी बेसलाही एकट्याने वाजवायला मिळतं, पण तेव्हा लोक वेटरला हाक मारून घेतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की माझ्या जुन्या दोन-चार रेकॉर्डिंग लावून कुणी विचारलं, यात तू कुठली, तर मलाही सांगता येणार नाही. सगळे आवाज मी उसने आणले आणि नीट परत केले. लग्न झालं नाही, त्याचं खापर आई बाज्यावर फोडते. त्यात तुमच्या सागाचा काही दोष नाही, मलाच कुठे थांबावंसं वाटलं नाही.

माझं वाजवणं ऐकायला तुम्ही एकदाच आलात. रविवार होता, हॉटेलात दुपारच्या चहाची गर्दी होती. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, आणि खिशात पेन घेतल्यासारखी सुतारी पेन्सिल. टेबलाशी बसण्याआधी तुम्ही वाकून त्याचे पाय पाहिलेत, आणि वेटर गोंधळून मालकाकडे बघायला लागला. आमचं पहिलं वाजवणं संपल्यावर मी तुमच्याजवळ आले तेव्हा तुम्ही हळूच विचारलंत, "यामां तुन्हा आवाज कोनता?" मी म्हटलं, सगळ्यांच्या खालून जो चालतो तो. "माले नही समजनं," तुम्ही म्हणालात, आणि मी हसले. मग मी पाणी प्यायला आत गेले. परत येताना दारातून दिसतंय ते असं: तुम्ही मंचावर चढला आहात, हॉटेलच्या बेससमोर उभे आहात. पुढच्या फळीतली ती वळणदार खाच आहे ना, तिच्या कडेवर बोट फिरवून जाडी बघताय. मग कान जवळ नेऊन उलट्या बोटाने ठोकता. थांबता. आतला आवाज विरेपर्यंत थांबता. पुन्हा ठोकता. तुमच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट दिसलं नाही, पण हात तुम्ही मागे घेतलात आणि सदऱ्याच्या खिशात घातलात, ते दिसलं. मी ग्लास धरून तिथेच उभी राहिले. जवळ गेले तेव्हा तुम्ही विचारलंत, "पुढली फळी खोकानीच शे ना?" मी हो म्हटलं. "आनि पातळ." मी परत हो म्हटलं. "हं," तुम्ही म्हणालात, आणि टेबलाकडे वळत, "चहा भारी शे आठला." स्टँडवर गाडी सुटेपर्यंत आपण भावाच्या लग्नाचं बोलत होतो.

तेव्हापासून मी धरून चालले की तुमचं मन मोडलं. मुलीचं आंदण ज्यात घातलं ते लाकूड मुकं निघालं हे तुम्हाला कळलं, आणि ते कळताना मी पाहिलं. आता त्या बाज्याचा विषय काढणं म्हणजे तुमच्या जखमेवर बोट ठेवणं. म्हणून घरी आले की मी दुकानात पाऊल टाकत नसे. पुढच्या दाराऐवजी गल्लीतून फिरून सरळ स्वयंपाकघरात शिरायचे. तुम्ही म्हणायचात, "दुकानमां चाल, तुले काही दाखाडनं शे." मी म्हणायचे, पुढच्या वेळी, आबा, गाडीची वेळ झाली. दिवाळीला म्हटलं, भाच्याच्या जावळाला म्हटलं, आखाजीच्या सणाला आले तेव्हा म्हटलं. काय दाखवणार, तोच बाजा दाखवणार आणि मला परत मान हलवावी लागणार, एवढंच माझ्या डोक्यात. त्याच सुमारास आईच्या स्वयंपाकघरात दुधाचं नवं कपाट आलं होतं. सागाचं, दोन दारांचं, आणि दोन्ही दारांना बेसच्या अंगावर असतात तशी एकेक वळणदार खाच. मी म्हटलं, ही कुठली नक्षी? आई म्हणाली, "वारं जावाले," आणि गडबडीने कढईकडे वळली. तुम्हाला तो आकार आवडला असेल म्हणून तुम्ही कपाटालाही पाडलात, असं समजून मला तुमचं कौतुक वाटलं होतं. मग एका सकाळी मी स्टुडिओत असताना भावाचा फोन आला. रंधा हातात असतानाच तुम्ही खाली बसलात आणि उठला नाहीत, असं तो म्हणाला. तेराव्यापर्यंत मी घरी होते. बाजा कोपऱ्यात गलेफात उभा होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसत होते.

आता भाऊ ती खोली मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका पोराला भाड्याने देतोय. त्याने फोन केला, "ताई, बाजा लई जाय, नहीतं माळावर टाकना पडी." म्हणून मी आले. उचलला तेव्हा काय झालं ते वर लिहिलंच आहे. गलेफाच्या नाड्या सोडल्या तेव्हा समोर साग नव्हता. फिकट, पिवळसर लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकीला एक जोडून केलेली पुढची फळी, सांधे बोटाला लागू नयेत इतके घासलेले, आणि जिथे जिथे पूर्वी खिळे असतील तिथे खिळ्याच्या आकाराच्या काड्या बसवून बुजवलेलं. खाचेतून मोबाइलचा उजेड आत टाकला. पट्ट्यांच्या आतल्या अंगावर शाईचे अर्धेमुर्धे ठसे होते, आणि एकीवर पुसट लाल सफरचंद. पाठ सागाचीच, पण आतून पटाशीने खरवडून खरवडून पातळ केलेली. मी तिथेच भुशात बसले.

मग स्वयंपाकघरात गेले आणि दुधाच्या कपाटासमोर उभी राहिले. दोन दारं. बाज्याची सागाची फळी दोन भागांची होती, मधोमध सांधा, दोन्हीकडे एकेक खाच. इतकी वर्षं मी त्यातून दूध काढून चहा करत होते. आई पाटावर बसून शेंगा निवडत होती. माझ्याकडे बघून तिचे हात थांबले. "तुले समजनं ना," ती म्हणाली. "माले सांगाना धीर व्हयना नही. दूधले मांजर तोंड लावे, कपाट करी द्या, कपाट करी द्या, मीच मांगे लागेल व्हती. त्यास्नी तुन्हा बाजानं लाकूड काढं मन्हा कपाटसाठे. तुले राग ईन आसं वाटे माले." मी म्हटलं, आई, त्यांनी तसं सांगितलं तुला? ती म्हणाली, "सांगं काही नही. हसनात नुसता." म्हणजे तुम्ही बाज्याची फळी काढलीत, तिला वाटलं तिच्या हट्टापायी काढलीत, आणि तुम्ही ते तसंच राहू दिलंत. माझ्या आंदणाचं लाकूड मोडल्याचा अपराधीपणा घेऊन ती माऊली इतकी वर्षं माझ्यासमोर कढई हलवत होती. तिघंही एकाच घरात, तिघंही एकमेकांना जपत, आणि कुणी काही बोलेल तर शपथ.

संध्याकाळी त्या सफरचंदाच्या पेट्यांचा माग काढत मंडईत फळवाल्या चाचांकडे गेले. दुकान आता त्यांचा मुलगा बघतो, ते नुसते स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करतात. त्यांची नजर आता अधू झाली आहे. मिस्त्रींच्या घरून आले, एवढंच मी सांगितलं. "मिस्त्री!" ते एवढ्या जोरात हसले की मुलगा वळून बघायला लागला. "वो तो पागल हो गये थे, बेटी. पेटी खाली हुई की आके बैठते. एक-एक फळी कान को लगाते, ठोकते, रखते, दुसरी लेते. मैं बोलता, मिस्त्री, सेब खाओ, लकडी को क्या सुनते हो? दो-दो, तीन-तीन बार बनाया, फिर खोला. मैं पूछता, अब तो हो गया ना? तो बोलते, मेरे को क्या समझता है, तपासनारी आयेगी, वो बोलेगी किधर करकरता." चाचांनी माझ्या हातात एक सफरचंद ठेवलं आणि विचारलं, "फिर आयी क्या वो?" मी म्हटलं, हो, आली. "अच्छा हुआ," ते म्हणाले.

हॉटेलात तुम्ही खिशात हात घातलात, आबा, तेव्हा तुमचं मन वगैरे काही मोडलं नव्हतं. तुम्ही माप घेऊन निघाला होतात. मी कलावंतांच्या संगतीत राहून असं समजायला लागले होते की माणसाला त्याच्या कामातली चूक दाखवली की तो आतून तुटतो. सुताराला चूक दाखवली की तो रंधा हातात घेतो, हे मी पाचवीत असताना मला माहीत होतं. पुढे कधी विसरले ते कळलंच नाही.

काल दुपारी माझ्या सामानात नेहमी असतात त्या नव्या तारा चढवल्या. आई उंबऱ्यावर बसली होती. मी सगळ्यांत जाड तार ओढली, आणि मागे स्वयंपाकघरात तुमच्या त्या कपाटातली वाटी थरथरून वाजली. "कपाटमां काय वाजनं?" आईने विचारलं. रडले, चांगली हुंदके देऊन रडले, आणि आई आपली मांजर शोधायला आत गेली. मग मी डोळे पुसून तास-दोन तास वाजवत बसले. जॅझ वाजवलं, शाळेतल्या प्रार्थना वाजवल्या, लग्नातली गाणी वाजवली. कुणासारखं वाजवायचं ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचत नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, गलेफाच्या आत राहील. बाजा मी पुण्याला नेते आहे. त्याआधी एक गोष्ट. तुमच्या अवजारांच्या पेटीत खडूचा तुकडा सापडला, तो आत्ता माझ्या हातात आहे. त्या दसऱ्याला मी मान हलवली नसती तर दुसऱ्याच दिवशी तुम्ही फळी उतरवली असती, आणि आपल्या दोघांना हे सगळं करायला खूप वर्षं मिळाली असती. ते आता होत नाही. पण तुम्ही वाट बघितलीत, तर नीट तपासून सांगते. खालच्या दोन तारा उत्तम आहेत, खोली भरते. वरच्या दोन अजून थोड्या दबलेल्या वाटतात. आणि डावीकडे खाली, सफरचंदाच्या पट्टीपाशी, सांधा जरासा सुटला आहे. मी तिथे खूण केली आहे.

आबा, आठे करकरस.